टिंब्याचा तो कोपरा खणायचा नाही

माझं माहेर बडोद्यातल्या प्रतापनगरचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं, बाप वर्कशॉपात होता, आणि मला दिली कुठं, तर बडोद्यापासून तासाभरावरच्या या खेड्यात, घराच्या पाठीमागं हा टिंबो. टेकाडच ते, पण इथं सगळे टिंबोच म्हणतात. सासू सांगायची, याच्या पोटात जुनं गाव आहे, वर कुदळ मारायची नाही. तिथं ठेवायची ती फक्त दात यायच्या आत गेलेली लेकरं. पुरुषांनीच नेऊन पुरायची, मीठ घालायचं, वर बाभळीची काटी, आणि खुणेला दगडसुद्धा नाही, कारण खूण असली की आई तिथंच घुटमळते, मग पुढचं मूल राहत नाही. आमची रीतच ती. माझी पहिली मुलगी नवऱ्यानं तशीच नेली. कुठं ठेवली विचारलं तर म्हणाला, पूर्वेच्या कोपऱ्यात, पुढं विचारू नको. आता तोही नाही.

मग ते जुनं गाव शोधायला हे खणणारे आले, काय सांगू तुम्हाला, दोऱ्या बांधून चौकोन पाडले, आमच्याच माणसांना मजुरीला लावलं. एका मडक्यात हाडं निघाली, इवलीशी, गळ्याशी मणी. मोठे साहेब खूश, फोटो काय, पेढे काय, हजारो वर्षांचं बाळ म्हणे. कापसात गुंडाळून पेटीत ठेवलं. मी म्हटलं साहेब, पूर्वेच्या कोपऱ्यात माझीपण आहे, तेवढा सोडा. तर म्हणाले, बेन, खूण कुठंय, जागा दाखवा, आम्ही काढून तुमच्या हातात देतो. हातात देतो म्हणे, पार्सल आहे का ते? आणि सरपंच, ज्याच्या सख्ख्या भावाचं पोर तिथंच आहे, तो वर मलाच सांगतो, काकी, जवा दो ने, जाऊ द्या ना, गावाचं नाव होईल.

नाव होईल. त्या मडक्यातल्याला कापूस आणि माझ्या मुलीला फावडं, हे कुणी ठरवलं? आईला विचारलं?

आता मी रोज सकाळी त्या दोऱ्यांच्या मधोमध जाऊन बसते, भाजी तिथंच निवडते. बायका लांबून बघायच्या, परवापासून दोघी येऊन बसल्यात. कुणाचं कुठं आहे, कुणी कुणाला विचारत नाही. उद्या पोलीस आणणार म्हणे. आणू देत, उचलू देत. तुम्ही लिहून घेताय, देव तुमचं भलं करो. त्या साहेबाचं भलं काही माझ्याच्यानं मागवत नाही.