कोल्ड रूममधला सर्व्हर

सन्माननीय अध्यक्ष हौशीराम आबा, व्यासपीठावरचे संचालक, उद्यापासून माझ्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणारे आपल्या ऑफिसातले प्रितम, आणि समोर जमलेल्या मावळातल्या माझ्या गुलाब-उत्पादक बंधू-भगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि गुलाबाच्या संस्थेत हार मात्र झेंडूचा घातलात. गुलाब विकायचा असतो, मिरवायचा नसतो, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तेव्हा तक्रार नाही.

मघाशी एक वक्ते म्हणाले, अनिताताई काळाबरोबर चालल्या नाहीत, म्हणून मुदतीआधी त्यांना निरोप द्यावा लागतोय. याचं उत्तर दिल्याशिवाय मला तळेगावच्या या सभागृहातून जाववणार नाही. वाद काय होता? ऑर्डरींचं सॉफ्टवेअर आपल्या ऑफिसातल्या सर्व्हरवर ठेवायचं, की क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर भाड्यानं. प्रितम म्हणे क्लाऊड. मी म्हणे आपलं ते आपलं. पावसाळ्यात घाटाकडं झाड पडलं की आपलं इंटरनेट जातं. मग व्यापाऱ्याची ऑर्डर बघायची कुठं? अगदीच वेडगळ बोलत होते का मी?

माझं ऐकून सर्व्हर आणला. उन्हाळ्यात तो तापायला लागला, तेव्हा आबा म्हणाले, "कोल्ड रूममधी ठिवा की. गुलाब टिकतो तितं, मंग ह्यो का न्हाई टिकायचा?" आबा, हसू नका, मलाही ते पटलं होतं. आपली अक्कल फुलांची. तरी मी प्रितमला विचारलं, कारण कॉम्प्युटरमधलं कळणारा आपल्यात तोच. तो म्हणाला, "चालेल की, ताई."

ऐन व्हॅलेंटाइनच्या तोंडावर सर्व्हर बंद पडला. उघडला तर आत गंज. दुरुस्तीवाला म्हणाला, फुलांसाठी राखलेल्या ओलाव्यात मशीन कुजणारच, कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या कुणालाही हे माहीत असतं. तुम्ही हवालदिल झालात, आणि प्रितमनं क्लाऊडवर गुपचूप ठेवलेली प्रत काढून दिली. गाड्या वेळेवर सुटल्या. टाळ्या त्याला, बोलणी मला. तुमचं फूल वाचलं याचा आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू?

नंतर त्याला एकटं गाठून मी विचारलं, ओलाव्याचं तुला ठाऊक होतं का? मान खाली घालून म्हणाला, "होतं, ताई. पण नुसतं सांगून तुम्ही ऐकलं नसतंत."

नोकरीला नवा आला तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत हा पोरगा माझ्या घरी जेवलाय हो. त्याला वाढताना कधी मनात आलं नाही की हा केसानं गळा कापेल. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

आणि ऐकलं नसतं म्हणतोस? दिवाळीतच मी आबांना सांगितलं होतं, पोरगा बरोबर बोलतोय, हंगाम संपला की क्लाऊडचा ठराव मीच मांडते. आबा, सांगितलं होतं ना? बघा, मान हलवली त्यांनी. मला निरोप द्यायचं ठरलं त्या सभेत हीच मान हलली असती तर आज हा हार माझ्या गळ्यात नसता.

असो. संस्थेनं मला पोटाला दिलं, मान दिला, तुम्हा शेतकऱ्यांचं ऋण मी विसरणार नाही. बोलण्यात कुणाला काही टोचलं असेल तर थोरल्या बहिणीचं बोलणं म्हणून पोटात घाला. प्रितम, तू मात्र घालू नकोस. तू लक्षात ठेव.