टॉमचे पत्ते कोणी फोडले

मी वड्यांचा ट्रे घेऊन फिरत होते, कोणाचे पत्ते बघत नव्हते, हे त्या दिवशी एकाही माणसाला पटलं नाही.

इथे इंग्लंडात, आमच्या लेस्टर गावच्या हॉलमध्ये, शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसच्या मदतीसाठी पोकरचा सामना होता. पत्ते खेळून पोट भरणारे खरे खेळाडू आले होते. त्यातला टॉम काळा चष्मा लावून असा बसलेला, की जिवंत आहे का ते हलवून बघावं. तरी त्याला चांगले पत्ते आले रे आले, की समोरचे आपले डॉक्टर देशपांडे लगेच डाव सोडायचे.

शेवटी टॉम भडकला. "माझे पत्ते कोणीतरी फोडतंय!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांची बायको म्हणते, "काकू, तुम्ही जरा किचनमध्येच बसा."

"आणि वडे कोण वाढणार, तुझा नवरा?" मी तिथून हललेच नाही.

टॉमने नवे पत्ते उचलले. त्याच्या मागेच आमचे हे बशीतून चहा पीत होते. पत्ते दिसले मात्र, यांचा फुरका थांबला आणि पाय लागला हलायला. घरी रमीत जोकर आला की अगदी हेच! आणि दर रविवारी यांच्यासमोर रमीला बसतं कोण? डॉक्टर! त्यांनी यांच्या पायाकडे बघितलं आणि पत्ते खाली टाकले.

"सापडला!" मी ओरडले.

"कोण?" टॉमने चष्मा काढला.

लग्नापासून उखाण्याशिवाय मी कधी यांचं नाव घेतलेलं नाही. त्या दिवशी भर हॉलमध्ये बोट दाखवून घेतलं.

"दत्तात्रय!"