चौथी मूठ

माझं माहेर फैजपूरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं, आणि सासर हे इकडे एरंडोलजवळ, म्हणजे जिल्हा एकच पण बोली दोन, त्यामुळे लग्नानंतर वर्षभर मी तोंड उघडलं की सासूबाई आधी हसायच्या आणि मग ऐकायच्या. तुझी पणजी गं ती. तू नात माझी, कॉलेजात असलंच काही शिकतेस म्हणून सांगते, लिहून घे, पण मला शहाणी करून लिहू नको, तेव्हा मी शहाणी नव्हते, नुसती मिरवायची हौस होती.

तर तुझा बाप शाळेत जायचा तेव्हाची गोष्ट, ऐंशी सालाच्या पुढची. श्रावण लागलेला, कानबाई, आपली खानदेशची देवी, घरात बसायला दोन दिवस होते, आणि जीपमधून तीन माणसं उतरली, खानदेशचा अभ्यास करायला. एक प्रश्नवाले सर, ते घरोघर विचारत फिरायचे, माणसं किती, ढोरं किती. दुसरे टेपवाले, त्यांना बोली आणि गाणी हवी. तिसरी एक बाई, ती काहीच विचारायची नाही, नुसती चुलीपाशी बसून बघायची. सर म्हणाले, एकाच घराकडे तिघं तीन बाजूंनी बघणार, मग आमचं आम्ही ताडून पाहणार. मला वाटलं, एकट्याला जमत नसेल म्हणून तिघं पाठवलेत.

काय सांगू तुला माझा थाट! नायलॉनची साडी, तोंडाला पावडर, आणि टेपसमोर बोलणं कसं, तर पुस्तकातलं. आपण बसावे, आम्ही आता धान्य दळणार आहोत. टेपवाले हात जोडून म्हणाले, ताई, रोज बोलता तसं बोला ना. मी म्हटलं, आम्ही असेच बोलतो. आतून सासूबाई ओरडल्या, खोटी शे ती, काल म्हैसले शिव्या देत व्हती, त्या लिखी ल्या.

आता तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना कळावं म्हणून सांगते, कानबाईचे रोट असतात ना, नैवेद्याच्या जाड पोळ्या, त्याचे गहू मोजून घेतात, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, पण मोजताना ती एकच मूठ धरायची, आणि ते रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उरवायचेही नाहीत. शनिवारी सासूबाईंनी गहू घेतले. बघणारी बाई शेजारीच. तिनं हळूच मला विचारलं, पुरुष तीन ना? मुठी चार कशा? मी काय म्हणावं? फार ऐटीत सांगितलं, ती चौथी देवीची. इतकी वर्षं गहू निवडत होते मी, आणि स्वतःच ठरवून टाकलेलं की ती देवीची. सासूबाई जात्याला खुंटा ठोकत राहिल्या. मग दळण सुरू झालं, त्यांनी गाणं धरलं, मीही ओरडत होते मागून, आपला आवाज टेपात आला पाहिजे एवढंच डोक्यात.

संध्याकाळी तिघं ओट्यावर बसली ताडून बघायला. तुझे आजोबा खाटेवर, सासूबाई उंबऱ्याशी. सर आजोबांकडे हात करून म्हणाले, पुरुष तीन, भाऊंनीच सांगितलं, ते आणि दोन मुलं. बाई म्हणाली, मुठी मात्र चार होत्या, वहिनी म्हणतात चौथी देवीची. टेपवाले म्हणाले, थांबा, दळणाच्या गाण्यात घरच्या पुरुषांची नावं गुंफलीत, ती ऐका, आणि लावली की टेप. आधी यांचं नाव, मग पोरांची, आणि मग सुदाम.

गाणं मी सासूबाईंबरोबर म्हणत होते, नाव माझ्याही तोंडून गेलं होतं, आणि मला पत्ता नाही!

सुदाम म्हणजे माझा दीर. शेती नको म्हणून सुरतेला कापडाच्या मागावर कामाला गेला, तिकडेच स्वतःच्या मनानं लग्न केलं, आणि ह्यांनी सांगून टाकलं, मला भाऊ नाही, ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाही. कोणी काढलंही नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

हे उठले. चेहरा असा की मला वाटलं आता पीठ उकिरड्यावर जातं आणि देवी बसतच नाही. आईला म्हणाले, त्यानी मूठ काबरं टाकी? म्हणजे त्याची मूठ का टाकली? सासूबाईंनी पिठाची परात पुढं सरकवली आणि म्हणाल्या, काढ मंग. त्यानं पीठ त्यातून वेगळं काढ.

टेपवाल्यांना टेप बंद करायचं सुचेना, ती आपली फिरतेय. हे परातीकडे बघत उभे. मग खाली बसले आणि सरांना म्हणाले, साहेब, चार लिखा.

कानबाईला निरोप दिला तसे यांनी सुदामच्या वाटचे रोट फडक्यात बांधले आणि धरणगावहून सुरतेची गाडी धरली. इतकी वर्षं तो वाटा सासूबाई गुपचूप स्वतः खात आल्या होत्या. हे परत आले तेव्हा फडकं तेवढं आईच्या हातात दिलं, रिकामं. त्यांनी ते झटकून बघितलं, कणही उरला नव्हता.

आता सासूबाई नाहीत, हेही नाहीत. सुदाम आजोबा दर श्रावणात सुरतेहून येतात, कवळी सांभाळत रोट खातात आणि कडक झाले म्हणून मला बोलतात. मी म्हणते, भाऊजी, तुमच्यापायी माझा देवीसमोर पचका झाला, मुकाट्यानं खा.

गहू आता मी मोजते. आणि कोणाला सांगू नको, दोन वर्षं झाली, पोरींच्याही मुठी टाकते. तुझीही. येऊ दे पुन्हा कोणी प्रश्न विचारायला, त्याचा हिशोब जुळायचा नाही. तू जा पुण्याला, खूप शीक, सुखी राहा. पीठ दळून झालेलं असेल, मग तुला कोण काढतंय वेगळं.