सात जणांसाठी राखीव

नणंद — वाच हा कागद. मोठ्याने वाच, म्हणजे तुलाही ऐकू जाईल.

भावजय — ताई, मला माहीत आहे त्यावर काय आहे ते.

नणंद — मला माहीत नव्हतं. मला दीड तासापूर्वी कळलं, सात माणसं बोचकी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा. वाच.

भावजय — 'आपली जागा राखून ठेवली आहे. माणसं सात. आगमन शुक्रवार. या, आम्ही आपली वाट पाहत आहोत.'

नणंद — आता या खोलीकडे नीट बघ आणि सांग, कुठे राखून ठेवलीस? इस्त्रीच्या टेबलाखाली, की फॉर्मांच्या कपाटात?

भावजय — हळू बोला. पलीकडेच बसलेत ते.

नणंद — त्यांना आपली भाषा येत नाही.

भावजय — आवाज कळतो.

नणंद — कळू दे. या संस्थेत निदान राग तरी खरा आहे म्हणतील.

भावजय — संस्थेच्या वेबसाइटवरचं ते बटण राहायच्या जागेसाठी नव्हतंच. लोक एकदम येतात, बाहेर ताटकळत उभे राहतात, म्हणून भेटीची वेळ आधी ठरवता यावी एवढंच होतं. आमच्या ऑफिसात आम्ही हॉटेलांच्या वेबसाइट करतो. त्यातलाच एक तयार साचा घेतला, हॉटेलचं नाव काढलं, आपल्या संस्थेचं घातलं. बटण दाबलं की उत्तर आपोआप जातं. ते उत्तर बदलायचं राहिलं.

नणंद — राहिलं. आणि तो फोटो? पांढऱ्या चादरींचे पलंग, खिडकीत फुलदाणी? तोही राहिला?

भावजय — पान ओकंबोकं दिसू नये म्हणून तात्पुरता टाकला होता.

नणंद — लाँड्रीच्या मागची दीड खोली. मी आणि दुभाषे मास्तर, मिळून दोन माणसं. मंगळवार, शुक्रवार, चार ते सहा. देश सोडून आलेल्यांचे अर्ज भरून द्यायचे, पत्रं लिहून द्यायची, संपलं. आणि तू जगभर दवंडी पिटलीस की आमच्याकडे फुलदाण्या आहेत.

भावजय — दवंडी पिटायलाच बोलावलं होतं तुम्ही. 'अगं, आम्ही कुणाला सापडतच नाही,' हे कोण म्हणत होतं? तीन वर्षं दाराबाहेर साधी पाटी लावली नव्हती तुम्ही. लोक समोरच्या दवाखान्यात विचारत फिरायचे. पान सुरू झाल्यापासून दोन वकिलांनी आपणहून विचारलंय, एका डॉक्टरीणबाईंनी विचारलंय. त्याचं काही नाही. आणि सुरू करायच्या आधी सगळं तुम्हाला बघायला पाठवलं होतं. तुम्ही 'छान झालंय' असं कळवलंत.

नणंद — हो. कळवलं.

भावजय — उघडून तरी बघितलं होतंत का?

नणंद — नाही.

भावजय — का?

नणंद — तू पाठवलं होतंस म्हणून.

भावजय — म्हणजे?

नणंद — तुझ्या कामात डोकं घालायचं नाही असं ठरवलंय मी. आईची खोली रिकामी करून दिली, त्या दिवसापासून.

भावजय — आठ वर्षं झाली त्याला. आणि मी तुम्हाला जा म्हणाले नव्हते.

नणंद — राहा असंही म्हणाली नव्हतीस.

मास्तर — ताई, वहिनी, हे नंतर करा. मी आत्ताच यांच्या निर्वासित छावणीच्या ऑफिसशी बोललो.

नणंद — काय म्हणाले?

मास्तर — हे लोक निघाले तेव्हा फाटकावरच्या वहीत लिहून आले आहेत, की आम्हाला राहायला जागा मिळाली. उद्या सकाळी आठला हजेरी असते. त्या हजेरीला सातही नावं कमी होतील. नाव गेलं की आश्रयाच्या अर्जावरच्या सुनावणीचा नंबरही जातो. अडीच वर्षं त्या नंबरासाठी थांबले आहेत ते.

नणंद — आणि परत गेले तर?

मास्तर — नुसते परत जाऊन उपयोग नाही. जागा मुळात नव्हतीच, चूक संस्थेची, असं लेखी पाहिजे. कारकून सहापर्यंत थांबणार आहे. हे पत्र ज्या ईमेलवरून गेलं, त्याच ईमेलवरून कबुली आली पाहिजे, नाहीतर कुणीही काहीही लिहील असं तो म्हणतो. बरोबरच आहे त्याचं. शिवाय हा कागद त्यांच्या हाती परत पाठवायचा. साडेसातची बस मिळाली तर रात्रीतून पोचतील.

नणंद — वाजले किती?

मास्तर — सव्वापाच.

नणंद — मग बस. लिही.

भावजय — त्या ईमेलवरून नाही लिहिता येणार.

नणंद — का? बोटं दुखतात?

भावजय — तो आमच्या ऑफिसचा आहे. तो आणि तो साचा, दोन्ही मी न विचारता वापरलेत. तिथून माणसाने लिहिलेलं काहीही बाहेर गेलं की साहेबांना दिसतं. सरकारी ऑफिसला कबुलीजबाब गेलेला दिसला, तर सोमवारी मला घरी बसवतील.

नणंद — तिकडे सात नावं, इकडे तुझी एक नोकरी.

भावजय — एक नोकरी म्हणू नका. तुमच्या भावाचं घर चालतंय त्या एका नोकरीवर. दुकान बंद झालंय.

नणंद — कधी?

भावजय — मार्चमध्ये.

नणंद — मला बोलला नाही तो.

भावजय — मीच सांगू नको म्हटलं. तुम्हाला बरं वाटलं असतं.

नणंद — थोडं वाटलं असतं.

मास्तर — वहिनी, माझं नाव लिहा.

भावजय — काय?

मास्तर — पत्र तुमच्या ईमेलवरून जाऊ द्या, पण आत लिहा की दुभाष्याच्या चुकीमुळे झालं. मूळ मजकुरात तसं काही नव्हतं, त्याने भलतंच लिहिलं. साहेबांना तेवढं पुरेल. त्यांच्या भाषेतलं पान आणि हे उत्तर मीच तर लिहिलं आहे.

भावजय — तुम्ही मी दिलं त्याचं भाषांतर केलंत, मास्तर. तुमची काय चूक?

मास्तर — माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी आहे. पलंग नाहीत हे मला माहीत होतं. मी याच खोलीत बसतो. ते वाक्य तुमच्याकडून राहून गेलं. माझ्याकडून राहून गेलं नाही. मी ते ठेवलं.

नणंद — काय बोलताय तुम्ही?

मास्तर — नऊ वर्षं झाली मला इथे येऊन. माझ्या भाषेत इथे जेवढ्या पाट्या आहेत, तेवढ्या सगळ्या मी वाचल्या आहेत. रांग मोडू नका. इथे बसू नका. कागद नसल्यास आत येऊ नये. 'या, आम्ही वाट पाहत आहोत,' असं माझ्या भाषेत इथे कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर चारदा वाचलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, की हे खरं नाही, काढू का. विचारलं नाही. वाटलं, राहू दे थोडे दिवस. कोण वाचणार आहे.

नणंद — मास्तर, तुमची स्वतःची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. हे पत्र त्यांनी तुमच्या फायलीला लावलं तर?

मास्तर — लावतील.

नणंद — परत पाठवतील तुम्हाला. आणि हे शांतपणे सांगताय. आणि तू गं? वाट बघत होतीस ना, कुणीतरी मान पुढे करील म्हणून?

भावजय — तुम्हाला वाटतं मी त्यांचं नाव घालीन.

नणंद — मला वाटतं तू विचार करते आहेस.

भावजय — करत होते. घरी दोन पोरं आहेत, करणारच. झाला करून. उठा, खुर्ची द्या मला.

नणंद — काय लिहितेस?

भावजय — 'जागा राखून ठेवल्याचं पत्र माझ्या चुकीने गेलं. संस्थेकडे राहण्याची सोय नाही आणि कधीही नव्हती. फोटोही संस्थेचा नाही. या कुटुंबाचा यात काही दोष नाही.' खाली माझं नाव आणि हुद्दा.

नणंद — अध्यक्ष म्हणून माझंही घाल. न वाचता मंजूर केलं, तेसुद्धा लिही.

भावजय — माझ्यावर उपकार नकोत.

नणंद — तुझ्यावर करतच नाहीये. पोस्टात सव्वीस वर्षं काढली मी, न वाचता कशाच्याही खाली सही केली नव्हती. ते पत्र तुझ्या एकटीच्या नावाने गेलं तर मला झोप लागायची नाही, एवढंच.

भावजय — घातलं. सरका जरा, उजेड अडतोय. गेलं. पाच अडतीस.

मास्तर — मी त्याला फोन लावतो... हो. हो, दोघींची नावं आहेत. बरं. मिळालं म्हणतो. नावं राहतील. कागद मात्र बरोबर द्या म्हणतो.

नणंद — असली पत्रं आणखी किती जणांना गेलीत?

भावजय — चार कुटुंबांना. तारखा पुढच्या आठवड्यातल्या आहेत. मास्तर, आज सगळ्यांना फोन करावे लागतील. मी नंबर काढून देते.

मास्तर — करतो. आधी यांना सांगून येतो.

(मास्तर पलीकडे जातो. पलीकडून त्याचा एकट्याचा आवाज येतो.)

नणंद — सोमवारी काय सांगणार आहेस साहेबांना?

भावजय — तुम्हाला काय करायचंय?

नणंद — काही नाही. विचारलं.

भावजय — खरं तेच सांगेन. आणि ऐका, ते पान मी आत्ता बंद करतेय. नवीन करायचं तर मजकूर तुम्ही लिहायचा, तुमच्या हाताने. दीड खोली, दोन वार, चार ते सहा, झोपायला जागा नाही. तेवढंच. मी एक शब्द पदरचा घालणार नाही.

नणंद — घालूही देणार नाही.

भावजय — चला, म्हणजे एका गोष्टीवर तरी जमलं.

नणंद — जमलं बिमलं काही नाही. आले बघ मास्तर. काय म्हणतात? रागावले असतील.

मास्तर — मुलगा रागावला आहे. सून पोरांना बूट घालते आहे. म्हातारी कागद द्यायला तयार नाही.

नणंद — अहो, पण तो द्यावा लागेल.

मास्तर — तेही सांगितलं. तिने घडी करून पोलक्यात ठेवून दिला. म्हणते, इतक्या ठिकाणी फिरलो, 'या' असं लिहिलेला हा एकच कागद मिळाला. तो सोडून दुसरं काय हवं ते मागा.

भावजय — राहू दे तिच्याकडे. मी छावणीसाठी दुसरी प्रत काढते.

नणंद — पण तो कागद खोटा आहे, हे तिला समजावून सांगितलंत ना?

मास्तर — सांगितलं, ताई. ती म्हणाली, ते तिला दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर कळलं होतं.