जीप उंच केली आणि चाक अधांतरी राहिलं

आमचे बाबा वर्ध्याकडचे, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागले अन् आईला घेऊन भोपाळला आले, मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू, आम्ही दोघं इथंच जन्मलो, सोनागिरीत वाढलो. घरात आई मराठीच बोलायला लावायची, दाराबाहेर पाय पडला की हिंदी, म्हणून माझी भाषा ही अशी खिचडी आहे ताई, लिहिताना नीट करून घ्या, किंवा राहू द्या, आहे तशी राहू द्या. मलाही कारखान्यातच लागायचं होतं, आयटीआय केलं, पण माझ्या वेळेला भरतीच बंद, मग एका म्हाताऱ्या सरदारजींच्या कमानीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. कमानी म्हणजे गाडीखालचे पोलादी पाटे हो, एकावर एक ठेवून आवळलेले, गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. ते तापवायचे, वाकवायचे, तेलात विझवायचे, एकाची गोलाई दुसऱ्याशी जमवायची. सरदारजी गेले तेव्हा त्यांच्या मुलाला त्या धंद्यात रस नव्हता, मी सोनागिरीच्या टोकाला स्वतःची शेड टाकली. आज माझं वय एकोणसाठ आहे आणि पोलादाचा मला अजून कंटाळा नाही. माणसांचा आलाय.

काय सांगू तुम्हाला, हल्ली गाड्या येतात त्या बघून शिसारी येते. नवीन फोर-व्हील, एकदाही चिखल न लागलेली, आणि पोरगा म्हणतो अंकल, सहा इंच उठा दो. कुठं जाणार, तर शाहपुऱ्याच्या तलावाभोवती संध्याकाळी चक्कर मारणार. मी विचारतो, बाबा, उंची कशाला पाहिजे, चाकाची चाल पाहिजे का. चाल म्हणजे काय, तर खड्डा आला की चाक किती खाली उतरतं अन् दगड आला की किती वर येतं, तेवढंच. गाडी नुसती उंच केली म्हणून चाल वाढत नाही, उलट कडक पाटे घातले तर कमी होते. हे कोणाला ऐकायचं नसतं. त्यांना उंच दिसायचं असतं.

पण ही पोरं सोडा. मी ज्या गाडीचं सांगणार आहे ती शौकाची नव्हती. इथली एक संस्था आहे, नाव नका लिहू, रायसेनच्या पुढं डोंगरातल्या वस्त्यांवर दवाखान्याची जीप पाठवते. तिचा ड्रायव्हर हल्केराम, आम्ही हल्के म्हणतो, आणि जीपमध्ये नर्स असते कुसुम दीदी, पन्नाशीची बाई, लसीचा डबा मांडीवर धरून बसणार. त्या वाटेवर एक नाला आहे, पाणी नसतं फार, पण हे एवढाले दगड. हल्के एक दिवस जीप घेऊन माझ्याकडं आला, बोलला, उस्ताद, नाले में पीछे का पहिया हवा में टंग जाता है, गाडी वहीं बैठ जाती है, दीदी को डिब्बा उठाके तीन किलोमीटर चलना पड़ता है.

माझ्या शेडमागं मी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर रचून एक उतरता ओटा केलाय. गाडीचं पुढचं डावं चाक त्यावर चढवायचं आणि मागचं डावं चाक जमीन कधी सोडतं ते बघायचं. हल्केच्या जीपचं चाक दीड फूट उंचीवरच सुटलं. खाली शिरून बघितलं तर कोणीतरी ओझ्यासाठी दोन जाड पाटे वरून घातलेले, शॉकप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, आखूड, चाक खाली उतरायला बघतं अन् शॉकप त्याला वरच पकडून ठेवतो, ब्रेकचा पाइपही ताणलेला. मी कागदावर लिहून दिलं: जाड पाटे काढायचे, पातळ आणि लांब पाट्यांचा नवीन संच बांधायचा, शॉकप लांब, ब्रेकचा पाइप लांब, अन् गाडी उचलायची ती फक्त दोन इंच. त्याहून जास्त नको, कारण तो रस्ता एका बाजूला कललेला आहे, गाडी जितकी उंच तितकी ती झोपायला तयार. आठ दिवस लागतील असं सांगितलं. कुसुम दीदी बरोबर आली होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भैया, आठ दिन बाद पक्का. मी म्हटलं पक्का.

चौथ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले, आणि त्यांच्याबरोबर कोण, तर आमचा नंदू. नंदूचं शाहपुऱ्यात दुकान आहे, गाड्यांच्या सजावटीचं, दिवे, सीट कव्हर, आणि आता हे गाडी उंच करायचं लिफ्ट किट. अध्यक्षांना कोणी देणगीदार मिळाला होता, त्याला जीपबरोबर फोटो काढायचा होता, जीप कशी दमदार दिसली पाहिजे. नंदूनं सहा इंचांचा तयार संच आणला होता, कडक जाड पाटे, त्यांच्या वर लोखंडी ठोकळे, लाल रंगाचे शॉकप, मोठे टायर. मी खाली बसून शॉकप मोजला, जुन्यापेक्षा जेमतेम बोटभर लांब. मी सरळ बोललो, यानं गाडी उंच होईल, चाक नाही उतरणार, आणि त्या उतारावर पलटेल. अध्यक्ष हसले, म्हणाले, उस्ताद पुराने जमाने के आदमी हैं. नंदू मला बाजूला घेऊन गेला आणि मराठीत बोलला, दादा, मी त्यांना शब्द दिलाय, तू माझा भाऊ असून नाही म्हणालास तर माझी काय इज्जत राहील, अन् आई काय म्हणेल. आई तेव्हा त्याच्याकडंच राहत होती. आईचं नाव त्यानं मुद्दाम घेतलं, मला कळत होतं की मुद्दाम घेतलं.

आणि मी बसवलं ते किट. माझ्या हातानं बसवलं.

इथं मी थांबतो नेहमी, घरच्यांना सांगताना सुद्धा. पण तुम्ही लिहून घ्या. बसवून झाल्यावर मी जीप ओट्यावर चढवली, सवयीनं, कोणी सांगितलं नव्हतं. सव्वा फुटावर मागचं चाक सुटलं. आधीपेक्षाही लवकर. चाक हवेत, मी त्याला हातानं फिरवलं, ते फिरत राहिलं, अन् बाहेर अध्यक्ष फोनवर फोटोवाल्याला बोलावून राहिले होते. मी जीप खाली घेतली. नंदूनं कागद पुढं केला, फिटिंग बरोबर आहे असं छापलेलं, मी सही केली. हल्केनं विचारलं, उस्ताद, ठीक है ना. मी म्हटलं, उतारावर सावकाश ने. एवढंच म्हटलं. त्याला सव्वा फुटाचं सांगितलं नाही.

फोटो झाला, हार घातला, नारळ फोडला. तिसऱ्या खेपेला त्याच नाल्यात पुढचं चाक दगडावर चढलं, मागचं सुटलं, जीप आधीच कललेली होती, ती हळूच, हल्के सांगतो की अगदी हळूच, बाजूवर झोपली. त्याला खरचटलं. कुसुम दीदी खालच्या अंगाला होती, तिचा डावा हात दाराखाली आला. कोपराचा चुरा झाला. वस्तीतल्या बायकांनी लाकडं घालून जीप उचलली तेव्हा हात निघाला.

मी दवाखान्यात गेलो तर ती मला बघून बोलली, भैया, आप क्यों आए, आपकी क्या गलती. मला तिथं उभं राहवेना. माझी स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. गटारात हात घालून आल्यावर माणूस कसा हात लांब धरतो, तसं मला माझ्याच हातांचं वाटत होतं.

पण अजून पुढं बघा. संस्थेनं चौकशी बसवली आणि ठरवलं काय, तर ड्रायव्हरनं निष्काळजीपणा केला. हल्केला काढून टाकायचं. चौदा वर्षं त्या वाटेवर गाडी चालवणारा माणूस. नंदूनं लिहून दिलं की माल चांगला होता. देणगीदाराचं नाव जीपच्या दारावर होतं, ते दार चेपलं होतं, तर यांनी पहिलं काम काय केलं, दार बदलायला पाठवलं. दीदीचं ऑपरेशन व्हायचं होतं अजून.

मीटिंगला मला बोलावलं नव्हतं. मी गेलो. मिसरोदला त्यांचं ऑफिस आहे, मी घरातून निघताना बायकोला सांगितलं की आज नंदूशी संबंध संपतील, ती बोलली, संपू द्या, पण तोंड बंद ठेवून परत येऊ नका. मी तिथं उभा राहून बोललो की गाडी तयार झाल्यावर मी तपासली होती, चाक आधीपेक्षा लवकर सुटत होतं, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, हल्केची चूक नाही. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे तुम्ही खोटी सही केली. मी म्हटलं हो. ते म्हणाले, मग दोष तुमचाच. मी म्हटलं, माझा आहेच, पण किट तुम्ही निवडलं होतं अन् मी नको म्हटलं होतं, तेही लिहा. नंदू बसला होता, माझ्याकडं न बघता टेबलावरची पाण्याची बाटली फिरवत होता. किटचं त्यांनी लिहिलं नाही. माझं तेवढं लिहिलं. मी त्यावरही सही केली, ही सही खरी होती.

हल्के राहिला कामावर. त्यांना काढता येईना, माझा कागद झाला होता. जीप माझ्याकडं आली, हल्केनंच हट्ट धरला. मी ते लाल भंगार उतरवलं आणि पहिल्या दिवशी जे लिहून दिलं होतं तेच केलं, पातळ लांब पाटे, लांब शॉकप, दोन इंच. ओट्यावर सव्वादोन फूट चढली तरी मागचं चाक जमिनीला धरून होतं. आता नाला पार करते. मला आनंद व्हायला पाहिजे होता, नाही झाला. हे आधी करता आलं असतं, एवढंच डोक्यात.

कुसुम दीदी परत कामावर जाते. डावा हात अर्धाच वाकतो, वेणी सून घालून देते असं हल्के सांगत होता. आई गेल्या वर्षी वारली, नंदूच्या घरी, आम्ही दोघं भाऊ खांदा द्यायला बरोबर होतो, बोललो नाही. त्याचं दुकान आता मोठं झालंय, त्याच्याकडून उंच होऊन आलेल्या गाड्या माझ्याकडं दुरुस्तीला येतात, अन् त्यांचे मालक म्हणतात, उस्ताद, तुम्ही त्या मीटिंगमध्ये खरं बोलला होता म्हणे. मी त्यांना सांगतो, एका बाईचं हाड मोडल्यावर बोललो, त्याचं कौतुक नका करू, मला ते ऐकवत नाही.

बाकी काय. शेड चालू आहे. हल्के अन् दीदी सोमवारी डोंगरात जातात, जाताना इथून वळतात, मी गाडीखाली एकदा नजर टाकतो, हात वर करतो, जा म्हणतो, देव तुमच्याबरोबर असो. माझ्याबरोबर नसला तरी चालेल.