वीस-पन्नासचा डबा

निकिता : पप्पा, तो डबा का उचलताय? असू दे रॅकवर.

दशरथ : ह्याचं सील शाबूत आहे.

निकिता : हो.

दशरथ : वीस-पन्नास. हिंमतरावांच्या लाल दोन-सीटरसाठी मी गॅरेजात आणून ठेवलेलं जाड इंजिन ऑइल. गुरुवारी त्यांच्या गाडीचं ऑइल तू बदललंस ना?

निकिता : बदललं की. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा.

दशरथ : मग हे इथे, तर गाडीत काय आहे?

निकिता : झिरो-ट्वेंटी. फुली सिंथेटिक. ह्याच्यापेक्षा भारी आहे ते. माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात आमोद आहे ना, त्याच्या नव्या गाडीला तेच घालतात. म्हटलं, हिंमतकाकांचा जीव आहे त्या गाडीवर, तर चांगल्यातलं घालू.

दशरथ : आमोदची गाडी कधीची?

निकिता : गेल्या वर्षीची.

दशरथ : आणि ही अठ्ठ्याऐंशीची. तुझ्याही आधीची. अगं, नव्या इंजिनात बेअरिंगची फट केसाहून बारीक असते, तिथे पातळ ऑइल चालतं. हिची फट छत्तीस वर्षं घासून घासून वाढलीय. इंजिन तापलं की तुझं ते झिरो-ट्वेंटी पाण्यासारखं निघून जाणार. मग लोखंडावर लोखंड.

निकिता : मी सुरू करून बघितली होती. प्रेशरचा काटा बरोबर होता.

दशरथ : गार इंजिनाचं सगळंच बरोबर असतं. फोन लाव त्यांना. म्हणावं, गाडी बाहेर काढू नका.

निकिता : पप्पा, ते निघालेत.

दशरथ : कुठे?

निकिता : ताम्हिणीला. सकाळी त्यांच्या मुलीचं, उत्कर्षाताईचं स्टेटस होतं. अर्धांगवायू झाल्यापासून काका धायरीबाहेर पडले नव्हते. म्हणून ताई त्यांना त्यांच्याच गाडीतून घाट दाखवायला घेऊन गेलीय. साडेसहाला निघाले.

दशरथ : आता किती वाजले?

निकिता : पावणेनऊ.

दशरथ : घाट लागला असणार. लाव लवकर.

निकिता : ताईचा लागत नाहीये. क्षेत्राच्या बाहेर.

दशरथ : हिंमतरावांचा लाव. नाही लागला तर परत लाव. थांबू नकोस.

निकिता : काय होईल जास्तीत जास्त? इंजिनच जाईल ना?

दशरथ : चालत्या गाडीत इंजिन जाम झालं की मागची चाकं जागच्या जागी धरली जातात. घाटातल्या वळणावर. चालवणारी मुलगी, आणि शेजारी एका अंगानं लुळा माणूस.

निकिता : दर वेळी होतं असं थोडीच आहे.

दशरथ : दर वेळी नाही होत. संतोषच्या वेळी झालं.

निकिता : संतोषकाकांचे तर ब्रेक फेल झाले होते.

दशरथ : ब्रेक शाबूत होते.

निकिता : पण घरात सगळे म्हणतात...

दशरथ : सगळे म्हणतात, कारण मी तसं सांगितलं. आदल्या दिवशी त्याच्या टेम्पोचं ऑइल मीच बदललं होतं. खालचा नट नीट आवळला नाही. वरंध घाटात पोचेपर्यंत सगळं गळून गेलं. माझा सख्खा भाऊ गेला. आईसमोर बोलायला तोंड उघडेना. मग ते तसंच राहिलं.

निकिता : मम्मीला?

दशरथ : तिलाही माहीत नाही. रिंग जातेय का?

निकिता : जातेय. काकांचा लागला. घ्या, स्पीकरवर आहे.

हिंमतराव : बोला दशरथराव. आवं, काय केलंया गाडीला? लय हलकी पळतीय.

दशरथ : हिंमतराव, नीट ऐका. चढताय का उतरताय?

हिंमतराव : उतरतोय. का ओ?

दशरथ : ऑइल प्रेशरचा काटा कुठे आहे ते उत्कर्षाला विचारा. शांतपणे विचारा.

हिंमतराव : पोरी, तेलाचा काटा बघ गं. तळाला पडलाय म्हणती. लाल दिवा बी लुकलुकतोय. मघाशी चढाला टकटक येत हुती, मला वाटलं दगड उडत्यात.

दशरथ : तिला सांगा, क्लच पूर्ण दाब आणि दाबूनच धर. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक जड होतील. हळूहळू ब्रेक मारत डोंगराच्या बाजूला घ्यायची. दरीच्या नाही.

हिंमतराव : क्लच दाब बाय. आजून दाब. सोडू नगं. डोंगराकडं घे, डोंगराक...

दशरथ : हिंमतराव? ऐकू येतंय का? हिंमतराव?

निकिता : कट झाला.

दशरथ : लाव.

निकिता : लावतेय. लागत नाहीये.

(सात मिनिटं जातात. निकिता दोन्ही नंबर आळीपाळीनं लावत राहते. दशरथ तीनदा दारापर्यंत जाऊन परत येतो.)

निकिता : काकांनी गाडीचं जुनं पुस्तक दिलं होतं आपल्याकडे. त्यात कुठलं ऑइल ते लिहिलेलं असणार. मी उघडलंसुद्धा नाही.

दशरथ : आणि मी परत आल्यावर तुला विचारलंसुद्धा नाही. खाली बस जरा.

निकिता : पोलिसांना कळवू या का?

दशरथ : अजून पाच मिनिटं बघू. हे बघ, फोन आला तर मी बोलणार. ऑइल मी घातलं असं सांगणार. डोळ्यांना नीट दिसत नाही, डबा चुकला. तू मध्ये बोलायचं नाहीस.

निकिता : का?

दशरथ : मेल्याशिवाय उतरत नाही असलं ओझं. मला माहितीय.

निकिता : तुम्ही कुणाला सांगितलंच नाहीत, पप्पा.

दशरथ : वाजतोय. कुणाचा नंबर आहे हा?

निकिता : माहीत नाही. हॅलो?

हिंमतराव : दशरथराव हायत का? हिंमतराव बोलतोय. एक मोटरसायकलवाला थांबलाय, त्याच्या फोनवरनं.

निकिता : काका, निकिता बोलतेय. तुम्ही दोघं कसे आहात?

हिंमतराव : हाय. दोघं बी हाय.

निकिता : लागलं का कुठे?

हिंमतराव : न्हाई. तिनं क्लच दाबला आन् खाडकन आवाज झाला. इंजिन बसलं. पर चाकं फिरत ऱ्हायली. डोंगराला घासत घासत थांबिवली पोरीनं. माझ्या बाजूचा दरवाजा चेपलाय. फुडचं वळण हितनं दिसतंय मला. तिथं कठडा बी न्हाई.

दशरथ : हिंमतराव, मी दशरथ. ते ऑइल...

निकिता : ते ऑइल मी घातलं, काका. पप्पांनी बरोबर आणून ठेवलं होतं. मी त्यांना न विचारता दुसरं घातलं. भारी आहे असं वाटून घातलं. पप्पांचा काही संबंध नाही.

दशरथ : हिंमतराव, ऐकताय ना?

हिंमतराव : ऐकतोय.

दशरथ : आम्ही निघतोच आहोत. विश्रांतवाडीहून तिथे यायला तीन तास लागतील. गाडीला हात लावू नका, सावलीत बसा.

हिंमतराव : इंजिन गेलं ओ माझं. जाऊ द्या, ते मागनं बघू. निकिता हाय का?

निकिता : आहे, काका.

हिंमतराव : तू ये बाय त्यांच्यासंगं. उत्कर्षाला मघापासनं उतर उतर म्हणतोय. तिचे हात स्टेअरिंगवरनं सुटंनात.