आईला सांगितल्याशिवाय धडा संपत नाही

आपल्या मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष दौलतराव, व्यासपीठावर बसलेल्या आमच्या शाळेच्या प्राचार्या, ज्यांच्यासाठी आपण आज सौदीतल्या हुफूफच्या या इस्तिराहात, म्हणजे भाड्याच्या बागेत, जमलो आहोत त्या उत्सवमूर्ती, म्हणजे आपल्या इतिहासाच्या वृंदा केळुसकर मॅडम, सर्व शिक्षकवर्ग, पालक, आणि मागे बिर्याणीच्या डेगेवर नजर ठेवून बसलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना अस्सलाम अलैकुम आणि नमस्कार.

मी नूरुन्निसा. मूळची हर्णैची. माझी शाळा मराठी, तीही नववीपर्यंत. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. तेव्हा ‘पालकांच्या वतीने चार शब्द’ बोलायला मला उभं करणं हे मंडळाचं धाडसच म्हणायचं. आमचे हुसेनमियाँ पहिल्या रांगेत घाम पुसताहेत. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, मोजूनमापून बोलायची त्यांना सवय. मला नाही.

मॅडम, तुमचा फायनल एक्झिट लागला, कायमचं परत जायचा शिक्का बसला. पुढच्या आठवड्यात तुम्ही वेंगुर्ल्याला असाल. इथे प्रत्येकजण तुमच्या शिकवण्याबद्दल बोलला. मी तुमच्या फोनबद्दल बोलणार आहे.

माझी उमामा नववीतून दहावीत गेली आणि घरात गप्प झाली. मी विचारायचं, “शाळेत काय झालं गं?” ती म्हणायची, “नथिंग.” पहिल्या पालकसभेला मी अबाया चढवून दारात उभी, तर ती बापाला म्हणाली, “अब्बा, यू कम. अम्मीला नाही समजणार.” वाईट मनाने नव्हती बोलली ती. पण मी परत आत गेले आणि अबाया काढून खुंटीला लावला. मुलीच्या जगाला दार होतं आणि त्याची भाषा मला येत नव्हती. सभागृहातल्या किती आयांना हे ठाऊक आहे? हात वर करू नका, मला दिसतंय.

आणि मग मॅडमचा तो नियम! धडा वर्गात संपत नाही. मुलाने घरी जाऊन तो आईला, घरच्या भाषेत सांगायचा. रविवारी संध्याकाळी मॅडम आईला फोन करणार आणि विचारणार, “तुमच्या लेकीनं काय सांगितलं?” आईला सांगता आलं तर धडा पुरा.

धडा कुठला होता? पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातला. ख्रिस्ती धर्मातल्या सुधारणेचा. मी म्हटलं, या अल्ला, हर्णैच्या नूरुन्निसाला जर्मनीशी काय देणंघेणं?

उमामा तोंड पाडून स्वयंपाकघरात आली. “अम्मी, चर्चचे लोक पेपर विकायचे. पेपर घेतला की सिन्सची पनिशमेंट कमी. मेलेल्या माणसाची पण.”

मी म्हटलं, “म्हणजे एजंट! वरचा विसा काढून देणारा!”

पोरगी हसायला लागली. कोकणातून आखातात आलेल्या प्रत्येकाने एक तरी एजंट पाहिलाय, त्यामुळे पुढचं समजायला मला काहीच लागलं नाही. रोममध्ये मोठं चर्च बांधायचं होतं, त्याला पैसा हवा होता, आणि मार्टिन ल्यूथर नावाचा एक संन्यासी प्राध्यापक उठून विचारू लागला, की माफी देवाच्या हातात, मग हा कागद कशाला?

रविवारी मी मॅडमना ऐटीत एजंट सांगितला. मॅडम म्हणाल्या, “छान. पण नूरुन्निसाबाई, लोक काय निव्वळ खुळे होते? ते का घेत होते कागद? उमामाला विचारा बरं.”

बघा, परीक्षा माझी! मी विचारलं. उमामा म्हणाली, तेव्हा रोगाच्या साथी यायच्या, घरात सारखी माणसं मरायची, आणि आपलं माणूस तिकडे कसं असेल याची लोकांना भीती वाटायची.

माझी तव्यावरची भाकरी करपली. मी तिला म्हटलं, “तुझी नानी हर्णैला वारली तेव्हा मी इथेच होते. इकामा, राहायचा परवाना, संपलेला, तो करून देणारा मालक, कफील, सुट्टीवर, मला निघता आलं नाही. मातीलासुद्धा नाही गेले. त्या दिवशी कुणी दारात येऊन म्हणालं असतं ना, की हा कागद घे, तुझी माय सुखात आहे, तर मी हातातली बांगडी काढून दिली असती.”

उमामाने करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाली, “अम्मी, तू तेव्हा खूप रडलीस?”

सोळा वर्षांच्या मुलीने आईला तिच्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मॅडम, तो तुमच्यामुळे विचारला गेला. मला तुमचे आभार मानायचे आहेत ते याचे.

पुढचा भाग सोपा गेला. ल्यूथरने आपल्या हरकतींचा कागद चर्चच्या दारावर ठोकला, हे मी बकाल्याच्या, किराणा दुकानाच्या, दारावर ‘खोली भाड्याने’ची चिठ्ठी लावावी तसं डोळ्यांपुढे आणलं. मॅडम म्हणाल्या, ठोकला की नाही यावर जाणकारांचा वाद आहे, पण तो छापला गेला आणि पसरला, यावर नाही. छापखाना नवा होता. वाचता येणारा एक असायचा, तो मोठ्याने वाचायचा, आणि सगळी आळी ऐकायची. धर्मग्रंथ लॅटिनमध्ये होता, तो बायाबापड्यांच्या जर्मन बोलीत आला. उमामाने हे मला वाचून दाखवलं तेव्हा मी पीठ मळत होते. ती म्हणाली, “अम्मी, हे आपण आत्ता करतोय तेच आहे ना?”

हो, तेच होतं.

काही राजांनी ल्यूथरला पाठीशी घातलं ते भक्तीपोटी की आपल्या सोयीसाठी, हेही मॅडमनी विचारायला लावलं. रोमच्या चर्चने स्वतःचं घर झाडलं, तेही सांगितलं. मग झालेल्या लढाया आणि जळलेली गावंही लपवली नाहीत. त्या वर्गात आमची मुलं होती, तुमची होती, वसईची ख्रिस्ती मुलंही होती. मॅडम एवढंच म्हणत, “कोण बरोबर हे मी सांगणार नाही. लोकांना काय दुखत होतं ते घरी सांगा.” परदेशात, इतक्या घरांची लेकरं एका बाकावर बसवून हे शिकवायला किती जपावं लागत असेल, हे मला आता कळतं.

वर्षअखेरीच्या पालकसभेला उमामा दारात चप्पल घालून उभी राहिली आणि बापाला म्हणाली, “अब्बा, तुम्ही दुकान बघा. अम्मी, यल्ला, चल.” हुसेनमियाँ अजून म्हणतात, मला त्या दिवशी घरातून काढून टाकलं.

आज उमामा पुण्यात इतिहासच शिकते. मॅडम, तीन वर्षं झाली, तुमचा रविवारचा फोन मला येत नाही, तो दुसऱ्या आयांना जायचा. पुढच्या रविवारपासून त्यांनाही यायचा नाही. त्या आया मला मघाशी विचारत होत्या, आता कसं होणार? त्यांना मी एक सांगते. गेल्या रविवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. उमामा होती. म्हणाली, “अम्मी, काल वर्गात फ्रान्सचं झालं. आता कुणी तुला विचारणार नाहीये, तरी ऐक.”

मी गॅस बंद केला आणि बसून ऐकलं.

मॅडम, वेंगुर्ल्याला पोचलात की एका रविवारी मला फोन करा. तिनं काय सांगितलं, ते मला तुम्हाला सांगायचंय.

मंडळाने मला उभं केलं, आपण भूक मारून ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, धर्माच्या विषयात शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर नववी शिकलेली बाई समजून पदरात घ्या. आता डेग उघडायला हरकत नाही.